ते पंधरा दिवस इन्शुरन्स काढायला नाहीत

सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतूक दंडाच्या रकमा वाढल्या, तेव्हापासून एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मध्येच गायब होतो आणि नाकाबंदी सुरू झाली की परत उगवतो. मजकूर साधारण असा : ‘गाडीचे कागद जवळ नसले तरी पोलीस पावती फाडू शकत नाहीत. कायद्यानं १५ दिवस मिळतात. इन्शुरन्स संपला असेल तर तेवढ्यात काढा, कोर्टात दाखवा, शंभर रुपयांत सुटा. तसाही ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतोच. मोबाइलवरचे कागद चालत नाहीत, झेरॉक्स बाळगा.’

यातले पंधरा दिवस खोटे नाहीत, म्हणून तर मेसेज खपतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० मध्ये विम्याचं प्रमाणपत्र जवळ नसेल तर पंधरा दिवसांत साक्षांकित प्रत द्यायची सोय आहे. कलम १५८ मध्ये पोलिसांनी मागितलेलं प्रमाणपत्र सात दिवसांत ठाण्यावर दाखवायची मुभा आहे. पण दोन्ही ठिकाणी मुदत आहे ती दाखवायला. कागद घरी राहिला, डिकीत भिजला, भावाकडे आहे, अशांसाठी. गाडी अडवली त्या घटकेला विमा चालू होता की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याची कलमंही वेगळी : १४६ आणि १९६. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००.

‘नंतर काढून दाखवा’ ही युक्ती तर कागदावरच फसते. पॉलिसी कधीपासून लागू, हे तिच्यावर तारीख-वेळेसह छापलेलं असतं. मंगळवारी सकाळी चलान झालं आणि पॉलिसी बुधवारी सुरू झाली, तर तो कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. शिवाय हल्ली कागद मागायचीही फारशी गरज उरलेली नाही. गाडीचा नंबर टाकला की ‘वाहन’ या सरकारी नोंदीतून विम्याची मुदत मशीनवर दिसते.

ग्रेस पिरियड, म्हणजे मुदत उलटल्यावरही हप्ता भरायला मिळणारे दिवस, ही आयुर्विम्यातली गोष्ट. ती कुणीतरी गाडीला चिकटवली. गाडीच्या विम्यात ९० दिवसांची एक मुदत असते, पण ती नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्यापुरती. त्या ९० दिवसांत संरक्षण शून्य. पॉलिसी मध्यरात्री संपली की सकाळची गाडी बिनविम्याची.

आता जिथे प्रामाणिक माणूसही अडकतो ते बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा) एकदमच घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा वर्षाचाच असतो. एका कागदावर दोन तारखा. कुणी पहिली तारीख उलटली म्हणून घाबरतो; त्याचं कारण नाही, कायद्याला थर्ड पार्टी पुरतो. उलट २०१९ मध्ये स्कूटर घेतलेला ‘पाच वर्षांचा आहे की’ म्हणत निर्धास्त फिरतो आणि २०२४ कधी सरलं हे त्याच्या ध्यानातच येत नाही. माझ्या मते बिनविम्याचे बरेच जण बेफिकीर नसून असे गाफील असतात. आणि वाचवायचं तरी काय? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसी दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, वर कर. एका दंडात दोन वर्षांचा विमा निघतो. अपघातात कुणी दगावलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते, ते निराळंच.

मोबाइलचं म्हणाल तर मेसेज साफ चुकीचा आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधले कागद मूळ कागदांसारखेच मानायचे, असं केंद्रानं २०१८ मध्येच राज्यांना कळवलं. गॅलरीतल्या आरसीच्या फोटोला मात्र ते लागू नाही.

आता राहिले ते पंधरा दिवस. ते खरोखर कामी येतात पॉलिसी चालू असून मशीनवर ‘विमा नाही’ दिसतं तेव्हा. एजंटनं चेसिस नंबरचा एखादा आकडा चुकवलेला असतो, किंवा नव्या पॉलिसीची नोंद ‘वाहन’वर पोचलेली नसते. अशा वेळी वाद न घालता चलान घ्या, पॉलिसीची साक्षांकित प्रत जोडून त्या पंधरा दिवसांत लेखी तक्रार करा आणि पोच मागून घ्या. चूक कंपनीकडून झाली असेल तर तिथून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली दुरुस्ती, करून घ्या, नाहीतर पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच दिसेल.