वॅट वाढवले म्हणून मासा दिसत नाही, नाखवा

१ जूनला मासेमारीबंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि नाखवांच्या फोनवर एक निरोप फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "फिशफाइंडर घ्यायचा तर जास्तीत जास्त वॅटचा घ्या. ट्रान्सड्यूसर जुनाच चालतो. बोटीला भोक पाडू नका, आतून तळाला सिलिकॉनने चिकटवा. वायर सरळ बॅटरीला जोडा. पडद्यावर माशाचं चित्र आलं की जाळं टाका."

मी कोकणातल्या बंदरांवर हीच यंत्रं बसवतो. फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा नि तळ पडद्यावर दाखवतो; तो आवाज सोडणारा आणि ऐकणारा बोटीच्या तळाचा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. सगळा पैसा पडद्यात घातलेला आणि ट्रान्सड्यूसरवर काटकसर केलेली बोट पाहिली की जीव तळमळतो, कारण तो पैसा बहुतेक वेळा उसना असतो. म्हणून या निरोपातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो.

आधी वॅट. खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो कसला आहे ते विचारा. काही कंपन्या 'पीक टू पीक' (लाटेच्या टोकापासून टोकापर्यंत धरलेला) आकडा छापतात, काही 'आरएमएस' (सरासरी ताकदीचा). पहिला दुसऱ्याच्या ८ पट असतो. म्हणजे २४०० वॅट छापलेलं यंत्र आणि ३०० वॅट छापलेलं यंत्र एकाच ताकदीचं असू शकतं. बरं, आकडा खरा धरला तरी आवाज खाली जाताना पसरतो आणि माशावर आपटून वर येतानाही पसरतो. खोली दुप्पट झाली की त्याच माशाचा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे वॅट चौपट केले तर ४० वावांवर दिसणारा मासा फार तर ५६ वावांवर दिसेल, आणि खारं पाणी जो आवाज शोषून घेतं तो हिशेबात धरला तर तेवढ्यावरही नाही. आपला समुद्र असा किती खोल आहे? मुंबईपासून १६० किलोमीटरवर मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पाणी जेमतेम ७५ मीटर, म्हणजे ४० वावांच्या आसपास. किनाऱ्यालगत जाळी मारणाऱ्याला हजार वॅटचा उपयोग नसतो.

वॅटपेक्षा फ्रिक्वेन्सी बघा. ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो, २०० किलोहर्ट्झचा बारीक दाखवतो पण खाऱ्या पाण्यात लवकर विरतो. फोनवर पाहून भाळतो ते व्हिडिओ बहुतेक गोड्या पाण्याच्या तलावांतले असतात. तिथे २०० किलोहर्ट्झ जेवढं लांब पोचतं तेवढं आपल्याकडे पोचत नाही.

"ट्रान्सड्यूसर जुनाच चालतो." कधीकधी चालतो, हे मान्य. पण फ्रिक्वेन्सी, वॅटची मर्यादा आणि प्लगातल्या पिनांची जोडणी, तिन्ही जुळायला हवीत. बाजारात जोडवायर मिळते आणि तिने प्लग बसतो, म्हणून यंत्र जुळलं असं होत नाही. ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरवर १ किलोवॅटचं यंत्र पूर्ण जोरात चालवलं तर आतली चकती खराब होऊ शकते. नवी चर्प यंत्रं घेणाऱ्यांचं तर यात सरळ नुकसान आहे. चर्प एकच सूर न काढता सुरांचा पट्टा फिरवतं, म्हणून तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. साध्या यंत्राचा ध्वनी १ मिलिसेकंदाचा असेल तर पाऊण मीटरच्या आत एकावर एक असलेले दोन मासे एकच दिसतात. चर्पमध्ये हे अंतर काही सेंटिमीटरांवर येतं. पण तो पट्टा वाजवू शकणारा ट्रान्सड्यूसर खाली नसेल तर त्या जादा पैशांचं खाली पाण्यात काही उतरत नाही.

आता ज्या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं त्याकडे येतो: आतून सिलिकॉनने चिकटवणं.

आवाजाला हवा ओलांडता येत नाही. हवेचा पातळ थर आला की तो तिथूनच परत फिरतो. बोटीचा तळ एकसंध फायबरचा असेल तर आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर काम करतो, थोडी ताकद गमावून. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये फोम किंवा हलकं लाकूड भरलेलं असेल तर करत नाही. लाकडी बोटीत करत नाही, आणि आपल्याकडे कितीतरी बोटी लाकडावर फायबर चढवलेल्या आहेत. बाहेरून त्या फायबरच्याच दिसतात! चिकटवायला सिलिकॉन तर नकोच. ते मऊ असतं, आवाज खातं, आणि त्यात बुडबुडे राहतात. इपॉक्सी लागतं, तेही बुडबुडे न धरता. शिवाय आतून बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्याचं तापमान सांगू शकत नाही.

चिकटवण्याआधी एक तपासणी फुकट होते. बोट पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर काठावरून पाण्यात धरा आणि पडदा बघा. मग तळात आतून थोडं पाणी घाला, त्यात तोच ट्रान्सड्यूसर ठेवा आणि पुन्हा बघा. दोन चित्रांत मोठा फरक पडला तर तिथे चिकटवण्यात अर्थ नाही.

मग भोक पाडायला घाबरायचं कशाला? बोट किनाऱ्यावर आहे, सुतार शेजारी आहे, याहून चांगली वेळ वर्षभरात येत नाही. लाकडी बोटीला कांस्याचा ट्रान्सड्यूसर घ्या. प्लास्टिकचा नको, कारण लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकचं घर तडकू शकतं. लोखंडी बोटीला कांस्य चालत नाही, दोन धातूंच्या संगतीत खाऱ्या पाण्याने गंज धरतो; तिथे स्टेनलेस स्टीलचा. जागा पंख्याच्या बरीच पुढे, पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) आडोशात न येणारी, जिथून फेस वाहत नाही अशी हवी. तळ उतरता असेल तर खाली ठोकळा बसवून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली करा, नाहीतर तो एका अंगाला बघत राहील. वर शेवाळ धरू नये म्हणून रंग लावायचा तर पाण्यात मिसळणाराच. दुसऱ्या रंगातला द्रावक प्लास्टिक खातो.

वायरचं थोडक्यात. बॅटरीला जोडा, पण कंपनीने सांगितलेला फ्यूज घालून, आणि स्टार्टरच्या बॅटरीला नको. इंजिन सुरू करताना व्होल्ट पडतात आणि यंत्र बंद पडून पुन्हा चालू होतं. बोट २४ व्होल्टची असेल तर यंत्र तेवढं सोसतं का ते आधी वाचा. ट्रान्सड्यूसरची वायर लांब झाली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा, आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरसोबत बांधू नका.

राहिलं माशाचं चित्र. ते यंत्राने काढलेलं अनुमान आहे. माशाच्या प्रतिध्वनीचा ९० टक्क्यांहून मोठा भाग त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतून येतो. घोळीचं बोत, म्हणजे हीच पिशवी, केवढं असतं ते तुम्हाला सांगायला नको. ती यंत्रावर ठळक उमटते. बोंबलाला ही पिशवीच नाही आणि अंगात बहुतेक पाणी, म्हणून तो फिका दिसतो. मुशी, वाघळी, माकूल यांनाही ती नाही. म्हणजे चित्राच्या भरवशावर राहिलात तर काही म्हावरं तुमच्या खालून निघून जाईल आणि पडदा गप्प राहील. उलट बुडबुडे आणि कचरा यांनाही यंत्र मासा म्हणतं. चित्रं बंद करा, कच्चा प्रतिध्वनी बघायची सवय करा. मासा आवाजाच्या शंकूतून जाताना आधी लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब होतो, म्हणून कमान उमटते. बोट उभी असेल तर कमान न होता लांब रेघ दिसते, तोही मासाच असतो. आणि पडद्याचा फक्त उजवा काठ आत्ताचा, डावीकडचं सगळं मागे पडलेलं पाणी.

निरोपात नसलेली एक गोष्ट मी प्रत्येक बोटीवर करतोच. यंत्र खोली मोजतं ती ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून. पठाण त्याच्याही खाली अर्धा मीटर असेल तर पडद्यावर दीड मीटर दिसताना पठाणाखाली एकच मीटर पाणी असतं, आणि गाळ भरलेल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला हा अर्धा मीटर बोट रुतवायला पुरतो. हा फरक यंत्रात भरायची सोय असते. तो भरा, आणि १ ऑगस्टला बाहेर पडण्याआधी दोरीला शिसं बांधून दोन-तीन ठिकाणी हाताने वाव मोजून पडद्याशी ताडून बघा. तांडेलालाही सोबत घ्या, रात्री त्या आकड्यावर सुकाणू त्यालाच फिरवायचं असतं.