गाळलेले गाव
तुरीच्या राखणीला मचाणावर बसून, बॅटरीच्या उजेडात मी टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवट वाचला होता. युद्ध जिंकून गावी परतलेल्या चौघांना रस्त्याकडेची तोडलेली झाडे आणि काळा धूर ओकणारे विटांचे धुराडे दिसते, तेव्हा आमच्या पांदणीवरच्या तोडलेल्या बाभळी आठवून माझा गळा दाटून आला होता. याच कादंबरीवरच्या २००३च्या चित्रपटात मात्र गाव जसेच्या तसे हिरवेगार! कथेचा जीवच काढून घेतला. वेळ पुरत नाही, ही नेहमीची सबब मला मुळीच पटत नाही. कारण टॉल्किन यांच्याच १९३७च्या ‘द हॉबिट’ या एकाच पुस्तकाचे त्याच दिग्दर्शकाने २०१२ ते २०१४ दरम्यान तीन चित्रपट ताणले, आणि त्यात पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची योद्धा व तिचे प्रेमप्रकरणही घुसवले. त्यासाठी बरा वेळ मिळाला!