इलेक्ट्रॉनला पत्ता नसतो

सांगलीतल्या अकरावीच्या मुलांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा फिरतो: 'चार क्वांटम अंक म्हणजे इलेक्ट्रॉनचा पत्ता. एन जिल्हा, एल तालुका, एम गाव आणि एस म्हणजे स्वतःभोवती गिरकी घ्यायची दिशा. आधार नंबरसारखंच, दोन इलेक्ट्रॉनांचे अंक कधीच सारखे नसतात.' विश्रामबागेतल्या क्लासच्या पोरांनी मलाही पाठवला. पाठांतराला झकास आहे. पण त्यानं डोक्यात जे चित्र बसतं ते पुढे फार नडतं.

आधी पत्ता. पत्त्यावर गेलं की माणूस भेटतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या अवस्थेत असला तरी केंद्रकाजवळ सापडेल, लांबही सापडेल. साधारण ५३ पिकोमीटरवर शक्यता सर्वाधिक, इतकंच. मग अंक कशाचे? मिरजेच्या तंबोऱ्याची तार घ्या. मधोमध बोट हलकं टेकवून छेडली तर ती दोन फुगवट्यांत थरथरते, एक तृतीयांशावर टेकवलं तर तीन. अडीच कधीच नाही, कारण दोन्ही टोकं बांधलेली. केंद्रकाच्या ओढीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचंही तसंच. पूर्णांक तिथून येतात. तारेला एकच मिती, म्हणून एक अंक पुरतो. अणूला तीन, म्हणून एन, एल, एम. हायड्रोजनमध्ये एन ऊर्जा ठरवतो (उणे १३.६ भागिले एनचा वर्ग, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये), एल कोनीय संवेग (फिरण्याचा जोर), आणि एम त्या संवेगाचा आपण निवडलेल्या अक्षावरचा भाग. अक्ष दुसरा धरला की एमचा अर्थच बदलतो. गाव असं बदलतं का?

गिरकीचं खापर मात्र फॉरवर्डवर फोडता येत नाही. १९२५ साली उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनीही गिरकीचंच चित्र मांडलं होतं. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी हिशोब केला: इलेक्ट्रॉनचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगानं फिरावा लागेल! शिवाय भोवरा मंदावतो, कलंडतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे फॉरवर्डमधला एस, कायम अर्धाच. १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला. भोवरे असते तर झोत नुसता पसरला असता. तो सरळ दुभंगला: स्पिन वर किंवा खाली, मधलं काही नाही.

आधारवाला मुद्दा अर्धा खरा. चारही अंक सारखे नसण्याचा हा नियम पाउलीचा. अंकांच्या भाषेत तो एकाच अणूपुरता, आणि 'एकाच अणूत' हे दोन शब्दच फॉरवर्डमध्ये गळालेत. शेजारच्या हायड्रोजन अणूत तेच चार अंक खुशाल असू शकतात. त्यात हे नंबर खुर्चीचे, बसणाऱ्याचे नव्हेत. हीलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी स्पिन वर असलेला कोणता, असं पोरं विचारतात. 'कोणता' असं तिथे काही नसतंच.