आनेके यान्सची मॅनहॅटनमधली 'लपवलेली' जमीन: कागद काय सांगतात

माझं रोजचं काम टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी कागदांवरून तपासण्याचं. सातबारा, फेरफार, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांनी मला एक लांबलचक मजकूर वाचायला पाठवला. त्यांची सून अमेरिकेची, माहेरकडून डच वंशाची, आणि हा मजकूर तिच्या माहेरच्या नातेवाइकांत जोरात फिरतो आहे. त्यातली गोष्ट अमेरिकेत जवळपास दोनशे वर्षं फिरते. १९व्या शतकात आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या जोरावर वारसांच्या संघटना निघाल्या, वर्गण्या गोळा झाल्या, आणि शेतकरी, विधवा, पेन्शनरांचे पैसे बुडाले. तोच खेळ पुन्हा सुरू होताना दिसतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं. आनेके यान्स ही हॉलंडच्या राजाची नात. तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून राजाने तिच्या वाट्याची संपत्ती सातव्या पिढीसाठी बँकेत ठेवून दिली. मॅनहॅटनमधली, वॉल स्ट्रीटसकट, मोठी जमीन तिची होती. ती न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती आणि मुदत संपल्यावर चर्चने ती गिळली. मृत्युपत्र गायब केलं. पुढे जमीन विकल्याचं दाखवलं, पण त्यावर एका वारसाची सहीच नव्हती, म्हणून ती विक्री रद्दबातल. तुमच्या घराण्यात बोगार्डस किंवा यान्सेन आडनाव असेल, तर शुल्क भरून वारस म्हणून नोंदणी करा.

राजाच्या नातीपासून सुरुवात करतो, कारण हा मुद्दा एका नोंदीत निकालात निघतो. ॲमस्टरडॅमच्या विवाह नोंदवहीत १६२३ साली आनेकेच्या लग्नाची नोंद आहे. मुलगी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या फ्लेक्केरॉय बेटावरची, वय १८. मुलगा रूलोफ यान्सेन, मार्स्ट्रँडचा, पेशा खलाशी. तिची आई ट्राइन योनास पुढे न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, ती वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीची पगारी सुईण होती. नवराबायको १६३० मध्ये अमेरिकेला गेली तीही एका बड्या जमीनदाराच्या, किलिआन व्हान रेन्सेलरच्या, वसाहतीत शेती कसायला. आणि हॉलंडला त्या काळात राजाच नव्हता. ज्या ऑरेंजच्या विल्यमचं नाव या गोष्टीत घेतात, तो राजा नव्हता, स्टाटहाउडर, म्हणजे प्रांताचा कारभारी, होता. हॉलंडच्या गादीवर पहिला राजा बसला १८०६ मध्ये. नातच नाही म्हटल्यावर सातव्या पिढीची ठेवही राहत नाही.

आता जमीन. ती मात्र खरीच होती. १६३६ च्या सुमारास गव्हर्नर व्हान ट्विलरकडून रूलोफला मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यावर, हडसनकाठी, सुमारे ६२ एकर मिळाली. वर्षभरातच तो वारला. आनेकेने १६३८ मध्ये गावच्या धर्मोपदेशकाशी, डोमिनी एव्हेरार्डुस बोगार्डसशी, दुसरं लग्न केलं आणि ते शेत डोमिनीचं शेत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १६४७ मध्ये बोगार्डस हॉलंडला निघाला असताना 'प्रिन्सेस अमेलिया' जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि तो बुडाला. दुसऱ्यांदा विधवा झालेली आनेके मुलांना घेऊन वर बेव्हरवाइकला, म्हणजे आजच्या ऑल्बनीला, राहायला गेली. १६५४ मध्ये तेव्हाचा डच गव्हर्नर स्टायव्हेसंट याने शेताची सनद तिच्या नावे करून दिली. इथपर्यंतची साखळी स्वच्छ आहे.

चतुःसीमा बघितल्या की वॉल स्ट्रीट त्यातून बाहेर पडते. हे शेत आजच्या वॉरन स्ट्रीटच्या उत्तरेला होतं. वॉल स्ट्रीट आणि तिच्या तोंडाशी असलेलं ट्रिनिटीचं देऊळ बरंच दक्षिणेला आहे.

भाडेपट्ट्याचं तर तारखाच सांगतात. आनेके वारली १६६३ मध्ये. ट्रिनिटी चर्चला सनद मिळून ते अस्तित्वात आलं १६९७ मध्ये. चौतीस वर्षांनी जन्मलेल्या संस्थेला तिने जमीन भाड्याने दिली कशी? चर्चला त्या सुमारास एक भाडेपट्टा मिळाला होता हे खरं, पण तो गव्हर्नर फ्लेचरने सरकारी शेताचा दिलेला होता, आणि तोही सात वर्षांचा. ९९ वर्षांचा पट्टा अशा दंतकथांत पुष्कळदा सापडतो. एडवर्ड्स नावाच्या घराण्याची अशीच एक गोष्ट आहे: मॅनहॅटनमध्ये ७७ एकर, १७७८ चा पट्टा, मुदत ९९ वर्षं. तिच्यावर विश्वास ठेवून २०व्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोकांनी पैसे भरले.

मृत्युपत्र गायब केल्याचा दावा वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण ते मृत्युपत्र हाच या कुटुंबाचा सगळ्यात मोलाचा ठेवा आहे. ते कुठेही गायब झालेलं नाही. २९ जानेवारी १६६३ रोजी बेव्हरवाइकमध्ये नोटरी डिर्क व्हान स्केलाउने याच्यासमोर आजारी आनेकेने ते करून दिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर १९व्या शतकापासून अनेकदा छापलं गेलंय, कुणीही वाचावं.

आणि वाचायचं कसं, तेही सांगतो. त्यात आधी पहिल्या नवऱ्याची मुलं येतात: सारा, तिचा नवरा शल्यवैद्य हान्स कीर्स्टेडे, काट्रिना, तिचा नवरा योहानेस व्हान ब्रुख, मयत मुलगी सिट्ये, तिच्या जागी तिच्या दोन मुली, यानेट्ये आणि राखेल हार्टगर्स, आणि मुलगा यान रूलोफसेन. मग बोगार्डसचे चार मुलगे: विलेम, कॉर्नेलिस, योनास, पीटर. एका कागदात तीन पिढ्या, तिन्ही मुलींची सासरची घराणी, कोण हयात आणि कोण मयत, सगळं. आपल्या वारस चौकशीच्या जबाबात असतं तसंच. पहिल्या नवऱ्याच्या चार शाखांना मॅनहॅटनच्या शेताच्या उत्पन्नातून आधी एक हजार गिल्डर (डच नाणं) द्यायचे, असं स्पष्ट कलम आहे. त्यामागचं कारण उघड आहे, शेत मूळ त्यांच्या बापाचं. बाकी वस्तू बघा: बिछाना, दुभती गाय, नातवंडांना चांदीचे पेले. पेला मिळालेल्या एका नातवाचं नाव रूलोफ कीर्स्टेडे आणि एका नातीचं नाव आनेट्ये (आनेकेचंच रूप) व्हान ब्रुख. म्हणजे मुलींनी आपल्या आईबापाची नावं मुलांना ठेवली. डच घराण्यांत ही रीत पक्की होती, आणि जिथे नोंद तुटते तिथे वंशावळ जोडायला ती आजही कामी येते. अर्थात नुसत्या नावावर कधीच नाही, सोबत कागद हवा.

डच मृत्युपत्रात मुलं-मुली बहुधा सारख्या वाटणीची असतात. इंग्रज वसाहतींत असं गृहीत धरून चालत नाही. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्यापर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. त्यामुळे पुष्कळदा बाप त्याचा मृत्युपत्रात उल्लेखही करत नसे, आणि आजचे लोक त्याला वंशवृक्षातूनच काढून टाकतात. न्यूयॉर्कच्या डचांचं नशीब की १६६४ मध्ये शहर इंग्रजांच्या हवाली करताना तहातच एक कलम घातलं गेलं: वारसाबाबत डचांच्या चालीरीती चालू राहतील.

कागद जळाले, फाडले, चोरले, हेही मजकुरात आहे. १९११ च्या मार्चमध्ये ऑल्बनीला राज्य ग्रंथालयाला मोठी आग लागली, हे खरं आहे. पण त्यात डच दप्तरं बरीचशी वाचली. ती खालच्या फळ्यांवर होती आणि वरचे इंग्रजी खंड त्यांच्यावर कोसळून त्यांची ढाल झाले. कडा जळालेली ती पानं अभ्यासकांनी नंतर एकेक करून वाचली, अजून वाचताहेत. त्या लोकांच्या कष्टांवर 'पुरावे नष्ट केले' असं एका ओळीत लिहून पाणी ओतणं मला पटत नाही.

आता सहीचा मुद्दा. मजकुरात खऱ्याचा अंश आहे तो इथे, आणि रोज खरेदीखतं बघणारा माणूस इथे थांबणारच. ९ मार्च १६७१ रोजी (जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून कागदावर १६७०/७१ दिसतं) वारसांनी हे शेत गव्हर्नर फ्रान्सिस लव्हलेसला विकलं. खत कुणी करून दिलं ते बघा. योहानेस व्हान ब्रुख, बायको काट्रिनाच्या हक्काने, आणि पीटर हार्टगर्सचा मुखत्यार म्हणूनही. विलेम बोगार्डस, स्वतःसाठी आणि यान व योनास या भावांसाठी. कॉर्नेलिस व्हान बोर्सुम, बायको साराच्या हक्काने, शिवाय पीटर बोगार्डसने त्याच्या नावे केलेल्या हिश्शापुरता. साराचा नवरा आता वेगळा दिसतो, म्हणजे कीर्स्टेडे वारला आणि तिने पुन्हा लग्न केलं, हे आपल्याला खरेदीखतातूनच कळतं. मृत्युपत्राशेजारी हे खत ठेवून मोजा. मृत्युपत्रात आठ शाखा, खतात सात. कॉर्नेलिस बोगार्डस १६६६ मध्ये वारला होता. मागे त्याची बायको आणि मुलगा होता. त्यांची सही नाही.

आपल्याकडेही हे हरघडी दिसतं. सगळ्या भावांनी सह्या केल्या, एक मयत, त्याचे वारस घ्यायचे राहिले. मग काय होतं? ज्याने सही केली नाही त्याचा हिस्सा विकला जात नाही. बाकीच्यांनी विकलेले हिस्से गेले ते गेलेच. म्हणजे अगदी दुसऱ्या दिवशी दावा लावला असता, तरी कॉर्नेलिसच्या शाखेला मिळाला असता आठातला एक हिस्सा. साराचे, काट्रिनाचे, विलेमचे वंशज, म्हणजे आज 'वारस' म्हणून ज्यांना गोळा करतात त्यातले बहुतेक, यांच्या पूर्वजांनी स्वतः किंवा मुखत्यारामार्फत विकून पैसे घेतले. त्यांचा दावा कशावर?

आणि उरलेल्या आठव्या हिश्शाचं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. १६७३ मध्ये डचांनी शहर परत घेतलं, कर्जबाजारी लव्हलेसची मालमत्ता जप्त झाली, आणि इंग्रज पुन्हा आल्यावर शेत ड्यूक ऑफ यॉर्ककडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या भावाकडे, गेलं. तो १६८५ मध्ये राजा झाल्यावर ते राजाचं झालं. १७०५ मध्ये राणी ॲनच्या नावे गव्हर्नर कॉर्नबरीने ते शेजारच्या सरकारी शेतासह ट्रिनिटीला दिलं. त्यानंतर चर्चने तिथे उघडपणे भाडेकरू ठेवले, प्लॉट पाडले. वंशजांनी १८व्या शतकापासून पुनःपुन्हा भांडून पाहिलं. १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या चॅन्सरी न्यायालयात व्हाइस चॅन्सलर (तिथल्या न्यायाधीशाचं पद) सँडफर्डने दावा फेटाळला. एवढा दीर्घ, उघड, मालक म्हणून केलेला कब्जा कुठल्याही जुन्या सहहिस्सेदाराच्या हक्काला पुरून उरतो, हे त्या निकालाचं मर्म. आपल्याकडे खासगी जमिनीला १२ वर्षांची कब्जेवहिवाट पुरते. इथे १४२ वर्षं झाली होती. न्यायाधीश चर्चला विकले गेले होते असा आरोप करण्याआधी तो निकाल वाचावा. त्यात खतांची, सनदांची, ताब्याची एकेक कडी तपासलेली आहे.

राहिलं आडनाव. त्या काळी बहुतेक डच माणसं आपल्यासारखी बापाचं नाव लावत. रूलोफ यान्सेन म्हणजे यानचा मुलगा रूलोफ, आणि त्याची मुलं झाली रूलोफसेन, रूलोफ्स. यान हे तर घरोघरचं नाव. तेव्हा आजच्या यान्सेन आडनावावरून आनेकेशी नातं निघत नाही, आणि तिच्या मुलींचे वंशज कीर्स्टेडे, व्हान ब्रुख अशा भलत्याच आडनावांत विखुरलेले आहेत. बोगार्डस आडनाव तेवढं टिकलं. वेबसाइटवरच्या वंशवृक्षात ती दिसली म्हणूनही भागत नाही. एकाचा वृक्ष दुसरा उचलतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि मूळ जोड कुणीच तपासलेला नसतो.

त्या सुनेला मी कळवलं ते असं. स्वतःपासून मागे जा, उडी मारू नका. प्रत्येक पिढीला आईबापाचं नाव सांगणारा एक तरी कागद हवा. न्यूयॉर्कच्या डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासून आहेत आणि त्यातले साक्षीदार बहुधा मामा, आत्या, आजी असतात. ऑल्बनीच्या १६८३ पासूनच्या आहेत. त्याआधीची फट मृत्युपत्रं, खतं आणि न्यायालयाच्या कामकाज नोंदींनीच भरावी लागते. जोड खरा निघाला तर हाती येणारी माणसं राजाच्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी आहेत. आनेकेची लेक सारा लेनापे लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, भाषा बोलायची, स्टायव्हेसंटसाठी दुभाषी म्हणून बसायची, आणि लेनापे प्रमुख ओराटामने १६६६ मध्ये तिला हॅकेन्सॅक नदीकाठी मोठी जमीन दिली. हे कागदावर आहे.

नोंदणी शुल्क मागणाऱ्यांना १६७१ च्या खरेदीखताबद्दल आणि १८४७ च्या निकालाबद्दल विचारा. दोन्ही छापलेले आहेत आणि वाचायला पैसे लागत नाहीत.