खुलासा : तोक्योचं महिला विद्यापीठ मिशनऱ्यांनी काढलेलं नाही

"जपानचं पहिलं महिला विद्यापीठ अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलं आणि कर्व्यांनी तेच इथे आणलं" असा मजकूर फिरतोय. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

मिशनरी स्त्रियांनी शाळा काढल्या हे खरंच: मेरी किडर यांची योकोहामातली फेरिस (१८७०), टॅलकट आणि डडली यांची कोबेतली शाळा (१८७५). पण अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती ज्या संस्थेची माहितीपुस्तिका पडली, ते तोक्योचं जपान महिला विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी स्थापन केलं. नारुसे जपानी. ते ख्रिस्ती होते, पाद्रीही होते, गोंधळ बहुधा इथूनच. पण संस्था कुठल्याही मिशनची नव्हती. तोक्योच्या मेजिरो भागातली संस्थेची जमीन मित्सुई या उद्योजक घराण्याने दिली. शिवाय नावात 'विद्यापीठ' असलं तरी कायद्याने तो दर्जा १९४८ मध्येच मिळाला. तोवर ती 'सेम्मोन गाक्को', म्हणजे विशेष महाविद्यालय होती. कर्व्यांचं विद्यापीठ १९१६ चं. प्रेरणा जपानची, पण मराठी माध्यमाचा आग्रह आणि उभारणी इथली.

ही सनं त्या-त्या संस्थांच्या स्थापना-इतिहासात पडताळता येतात. जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.