फोल्डर परत द्या सर

कालचीच गोष्ट आहे, त्यामुळे डोकं अजून गरम आहे हे आधीच सांगून ठेवतो. कॉलेजात दरवर्षी प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या यशाचा कौतुक सोहळा होतो, यंदा एका संशोधन पेपरसाठी यादीत मीही होतो. नाव पुकारलं, स्टेजवर गेलो, पाहुण्यांनी निळं फोल्डर हातात दिलं, समोर बघून हसलो, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवरून खाली उतरलो. इथपर्यंत सगळं छान. शेवटच्या पायरीशी ती उभी होती.

पहिल्या वर्षाची असणार. गळ्यात 'स्वयंसेवक' लिहिलेलं कार्ड, कानामागे मार्कर खोचलेला आणि हात पुढे केलेला. मला वाटलं पोरगी अभिनंदन करतेय, म्हणून मीही हात पुढे केला. तिनं माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, फोल्डर."

"हो, मिळालं की. थँक्यू."

"तसं नाही सर. द्या."

"कुणाला देऊ?"

"मला. परत स्टेजवर पाठवायचंय."

म्हटलं अगं बाई, माझं सर्टिफिकेट आहे आतमध्ये. तर ती म्हणते, "नाहीये सर. उघडून बघा."

उघडलं. आत मागच्या वर्षीच्या क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक होतं. रस्सीखेच (मुली), सकाळी साडेनऊ. रस्सीखेच (मुलं), दहा. रस्सीखेच, प्राध्यापक विरुद्ध कर्मचारी, वेळ नंतर कळवण्यात येईल.

"फोल्डर सहाच आहेत सर, आणि नावं शंभराच्या वर," ती म्हणाली. "फिरवावीच लागतात. सर्टिफिकेट मेलवर येणारेत सगळ्यांना." आणि मी फोल्डर धरलेलं असतानाच तिनं ते उलटं करून मागची बाजू दाखवली. तिथं मार्करनं ठळक ४ लिहिलेला. "हे चार नंबरचं आहे. केमिस्ट्रीच्या मॅडमना चार नंबर लागणार, त्यांच्या आधी दोनच जण राहिलेत."

आता खरं सांगायचं तर त्या फोल्डरचं मला काय लोणचं घालायचं होतं? कोपरे उसवलेले, आतल्या खिशाला स्टेपलर मारलेला. पण का कोण जाणे, माझी बोटं सुटेनात. एवढी वर्षं त्या पेपरमागे घालवली, छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअर नंबर दोनच्या तिरकस शेऱ्यांना 'आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभार' असली उत्तरं लिहिली, आणि शेवटी हातात आलेली एकमेव वस्तू वीस सेकंदांत परत मागतात म्हणजे काय? एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. वेळ नंतर कळवण्यात येईल म्हणाले होते ती वेळ बहुतेक हीच.

तेवढ्यात फोटोग्राफर स्टेजवरून ओरडला, "सर, डोळे मिटले होते तुमचे, परत एकदा या!" माझी पकड ढिली झाली, तिनं ती संधी अचूक साधली आणि फोल्डर काखेत मारलं. मी मोकळ्या हातानं परत वर. पाहुणे पण मोकळ्या हातानं. फोटोग्राफर म्हणाला, "असं कसं चालेल, हातात काहीतरी पाहिजे ना." मग मी, म्हणजे संख्याशास्त्राचा पीएचडीधारक प्राध्यापक, स्टेजच्या कडेला वाकून खाली उभ्या असलेल्या पोरीला विनवतोय, "देतेस का जरा?"

"देते, पण पायऱ्यांनी येऊ नका सर, वेळ जातो. फोटो झाला की वरूनच टाका, मी झेलते."

आणि मी टाकलं हो! आख्ख्या हॉलसमोर. तिनं एका हातात झेललं, कॅच फर्मास होता हे मान्य करायलाच पाहिजे. पण तोपर्यंत क्रम चुकला होता. मागून माईकवर ऐकू आलं, "चार नंबर कुठाय, चार नंबर?" केमिस्ट्रीच्या मॅडम पाहुण्यांसमोर येऊन उभ्या, द्यायला काही नाही, म्हणून दोघंही नुसता हात हलवत राहिले. निवेदिकेनं 'यश म्हणजे काय' यावर चार ओळी म्हटल्या, त्या संपल्या, मग त्याच परत म्हटल्या. शेवटी फोल्डर पोचलं.

मी खुर्चीकडे निघालो तर मागून ती म्हणाली, "अभिनंदन हं सर."

त्या दिवसात मला मिळालेलं हे एकमेव अभिनंदन. पाहुण्यांनी हात मिळवताना फक्त "पुढे सरका" एवढंच म्हटलं होतं.

पाहुण्यांचं भाषण हा वेगळाच विषय, त्याच्यात फार शिरत नाही. इतरांच्या कौतुकाला आलेला माणूस स्वतःच्या शाळेतल्या पहिल्या बक्षिसापासून सुरू करतो आणि आपण टाळ्या वाजवून त्याला आणखी चढवतो. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेला इग नोबेल नावाचा एक मिश्किल पुरस्कार आहे, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला. तिथं भाषणाला एक मिनिट मिळायचं, आणि कुणी लांबण लावली की आठ वर्षांची एक मुलगी जवळ येऊन उभी राहायची आणि म्हणत राहायची, 'प्लीज थांबा, मला कंटाळा आला.' माणूस थांबेपर्यंत हेच. मला हा मानवजातीच्या थोर शोधांपैकी एक वाटतो. आमच्याकडे आठ वर्षांची मुलगी नव्हती, पण आमच्या फोल्डरवालीला त्या कामावर लावलं असतं तर कार्यक्रम तासाभरात आटपला असता, पैज लावतो.

बरं, यादीत नाव यायचं कसं, तर फॉर्म भरून. कुणाला तुमचं यश आपणहून कळतं असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. लिंक येते, शेवटची तारीख येते, शेवटच्या तारखेनंतरची शेवटची तारीख येते. फॉर्मात उपलब्धीचा स्तर निवडायचा, पुरावा जोडायचा, पेपरच्या सगळ्या लेखकांची पूर्ण नावं टाईप करायची. २०१५ साली हिग्स बोसॉन नावाच्या मूलकणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला होता, त्याला ५१५४ लेखक होते, ३३ पानांतली २४ पानं नुसती लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची. त्यातलं कुणी आमच्या कॉलेजात असतं तर फॉर्म भरता भरता रिटायर झालं असतं. आणि एवढं करून काय, तर तासाभराच्या वेबिनारला हजर राहिलेल्या सरांना आणि मला एकच फोल्डर. अक्षरशः एकच, चार नंबरचं, ते माझ्या आधी त्यांच्याकडे होतं. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या, कारण त्यांचा नंबर लवकर लागला. आमचं डिपार्टमेंट यादीत शेवटून दुसरं, तोवर पोरं आपापल्या मित्राच्या नावाला आरडाओरडा करून पसार झालेली होती, आणि स्क्रीनवर माझा फोटो असा आडवा ताणलेला की डोक्यावर उशी ठेवून कुणीतरी वर बसलंय असं वाटावं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट नेता येत नाही.

माझा पेपर गहाळ माहितीवर आहे. म्हणजे सर्व्हे केला, काही लोकांनी काही रकाने रिकामे सोडले, आता गणित कसं करायचं. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये या विषयाचा पाया घातला. त्याचं साध्या भाषेत असं की माहिती तीन तऱ्हेनं गहाळ होते. एक, निव्वळ योगायोगानं, कागद भिजला वगैरे. दोन, ज्याचं कारण आपल्याकडच्या बाकीच्या रकान्यांतून समजून घेता येतं. आणि तिसरी सगळ्यात वाईट, जिथं न सांगितलेल्या उत्तरातच न सांगण्याचं कारण असतं, म्हणजे ज्याची कमाई अफाट तोच कमाईचा रकाना सोडून देतो. तिथं आलेल्या उत्तरांची सरासरी काढून बसलात की चुकलात, आणि तसलेच आणखी फॉर्म गोळा करून ती चूक जात नाही.

आमची कौतुकाची यादी ही तिसऱ्या तऱ्हेची आहे. लायब्ररीत एक ताई आहेत, त्यांनी माझ्यासाठी माळ्यावरचे जुने अहवाल हुडकून, धूळ झटकून, पानं क्रमानं लावून दिली, त्याशिवाय हा पेपर झाला नसता. फॉर्मात 'प्राध्यापक' आणि 'विद्यार्थी' असे दोनच पर्याय आहेत. त्या कोण? फिजिक्सच्या लॅबमधले असिस्टंट एक म्हातारा ऑसिलोस्कोप स्वतःच्या हातानं डाग देऊन जिवंत ठेवतात, त्यावर पोरं प्रॅक्टिकल करतात आणि मग त्या पोरांचं कौतुक होतं. माझ्या वर्गात रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला येणारा एक मुलगा आहे. पहिल्या बाकावर बसतो, मधेच पेंगतो, स्वतःच स्वतःला चिमटा काढतो. तो या वेळी सगळ्या विषयांत पास झाला, साधा पास, त्याच्या घरात एवढं शिकलेला तो पहिलाच. त्याला म्हटलं फॉर्म भर, तर म्हणाला, "सर, यात 'पास झालो' कुठं टाकू?" आणि समजा रकाना असता तरी त्याला वेळ कुठाय? वेळ नाही हीच तर त्याची कमाई आहे.

मी हे मीटिंगमध्ये मांडलं. सगळे हळहळले. "फार छान मुद्दा," म्हणाले. "तुम्ही एक प्रपोजल लिहून द्या, कॅटेगरी वाढवू." म्हणजे काम परत माझ्याच गळ्यात, आणि पुढच्या वर्षी त्या ताईंनी काय करायचं, तर स्वतःच्या थोरवीचा पुरावा पीडीएफमध्ये जोडायचा. जाऊ दे. चिडलो की मला लिहिताना वाक्यं संपवता येत नाहीत.

तर आज सकाळी मेल आला. ई-सर्टिफिकेट. नक्षीची किनार, तीन सह्या, नाव बरोबर, स्पेलिंगसकट बरोबर, आणि खाली लिहिलेलं, 'आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ पारितोषिक मिळवल्याबद्दल'.

एक्सेल शीटमध्ये कुणाच्या तरी हातून एक ओळ सरकली होती. म्हणजे सगळ्यांनाच शेजारच्याचं यश मिळालं. वेबिनारवाले सर आता कुस्तीत विभागीय विजेते आहेत. केमिस्ट्रीच्या मॅडमना एनसीसीचं मिळालं.

मी स्वतःची समजूत घातली की असं मोठ्यामोठ्यांचं होतं. १९७५ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल सोव्हिएत रशियाचे कांतोरोविच आणि अमेरिकेतले कूपमन्स यांना विभागून मिळालं, तेव्हा दोघांच्या पदकांची अदलाबदल झाली आणि दोघं एकमेकांचं पदक घेऊन आपापल्या घरी गेले. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे ती पदकं परत बदलून घ्यायला राजनैतिक पातळीवर चार वर्षं खटपट चालली होती. माझं प्रकरण त्या मानानं सोपं होतं. माझा पेपर ज्याच्या नावावर गेला तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा खालच्याच मजल्यावर होता, मधे एक जिना. गेलो.

"अरे, आपली सर्टिफिकेट्स बदललीत."

"हो सर, बघितलं." जरा घुटमळला. "सर, मी हे ठेवलं तर चालेल? सीव्हीला भारी दिसतं."

"अरे पण मिसिंग डेटा म्हणजे काय ते माहितीये का तुला?"

"शिकेन की सर. आणि तुम्ही तसे बोलता चांगलं, उत्तेजनार्थ तुम्हाला शोभतंय."

उत्तेजनार्थ! पहिलंसुद्धा नाही!

शेवटी ऑफिसात फोन केला. तिथून सांगितलं दुरुस्तीसाठी फॉर्म आहे, लिंक पाठवतो. फॉर्म उघडला. त्यात सर्टिफिकेट नंबर टाकणं बंधनकारक, म्हणजे वक्तृत्वाचा नंबर टाकला. सर्टिफिकेटची प्रत जोडणं बंधनकारक, म्हणजे वक्तृत्वाचं सर्टिफिकेट जोडलं. 'नेमकं काय चुकलंय' हा रकाना ऐच्छिक, त्यात मी परिच्छेदभर लिहिलं. 'आपला प्रतिसाद नोंदवला आहे.'

दुपारी कार्यक्रम समितीच्या मॅडमचा फोन. आवाज एकदम खुश. "सर, तुमचं वक्तृत्वाचं सर्टिफिकेट पोचलं! अहो, लपवून ठेवलंत की! पुढच्या वर्षी निवेदनाला माणूसच मिळत नव्हता आम्हाला, तुमचं नाव टाकलंय."

म्हटलं, मॅडम, ते माझं नाहीये, खाली लिहिलंय ना सगळं, तो रकाना वाचलात का?

"तो ऐच्छिक आहे ना सर, तो शीटमध्ये येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि लिस्ट आता वर गेलीये. नाव काढायचं असेल तर त्याचा वेगळा फॉर्म आहे, लिंक पाठवू का?"