खुलासा: लॉनमोअरच्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नये
लॉनमोअरच्या (गवत कापण्याच्या यंत्राच्या) इंजिनाचा वेग सतत कमी-जास्त होत असेल, तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडला असून त्याची स्प्रिंग ताणून बसवावी, असा संदेश फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. बहुधा हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याने वेग उतरतो, गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप) उघडून तो सावरतो आणि हेच चक्र चालू राहते. म्हणजे गव्हर्नर आपले काम करतच असतो. चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) थोडा लावल्यावर इंजिन एकसारखे चालू लागले, तर कार्ब्युरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचे बारीक छिद्र (जुन्या पेट्रोलने तो हमखास तुंबतो) किंवा इनटेक गॅस्केटची (कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधल्या सीलची) गळती तपासावी. स्प्रिंग ताणल्यास अनेक इंजिनांची ३६०० आरपीएमची (मिनिटाला फेऱ्यांची) मर्यादा ओलांडली जाऊन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला इंजिनातील दांडा) तुटू शकतो. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्याचा धोका वेगळाच. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.